थोरलीला कढ येत नाही

आमच्या घराण्यात एक दुखणं आहे. त्याला डॉक्टर लागत नाही आणि ते कुणाच्या जिवावरही उठत नाही, पण बसल्या जागी माणसाचा अर्धा दिवस खातं. आम्ही त्याला कढ येणं म्हणतो. जेवता जेवता आजोबा घास हातात धरून थांबले आणि भिंतीकडे पाहायला लागले, की आई हळूच सांगते, "थांबा जरा, बाबांना कढ आलाय." मग सगळे थांबतात. आजोबा म्हणतात, "सात नंबरची बस तेव्हा बाजाराला वळसा घालून जायची." आणि डोळे पुसतात.

आजोबा बस चालवायचे. नवे मार्ग त्यांना आवडले नाहीत, कारण ते सरळ होते. त्यांची आईही अशीच होती म्हणतात. लग्नाआधीच्या घरचं पाणी तिला असं काही आठवायचं, की नंतरचं सगळं आयुष्य ती तोंड वाकडं करूनच पाणी प्यायली. माझ्या आईला तर निमित्तही लागत नाही. एखादी जुनी पिशवी पुरते.

मावशीला कढ येत नाही. लहानपणापासून कधी आलाच नाही.

यात नवल असं, की आई आणि मावशी जुळ्या आहेत, आणि नुसत्या जुळ्या नव्हेत, एकाच साच्यातून काढलेल्या. तेच नाक, तीच हनुवटी, डाव्या भुवईत तीच विरळ जागा. मावशी काही मिनिटं आधी आली म्हणून थोरली, आई धाकटी. रस्त्यात लोक अजूनही एकीला दुसरी समजून बोलायला लागतात. समोरची उभी राहून ऐकत असली तर ती आई. "ती मी नव्हे" म्हणून पुढे निघाली तर मावशी.

मावशी घरं हलवणाऱ्या कंपनीत आहे. सुरुवातीला ती काचेची भांडी कागदात गुंडाळायची. आता तिच्या हाताखाली चार गडी, एक ट्रक आणि त्याचा ड्रायव्हर आहे. चिकटपट्टीचं रिळ ती मनगटात कड्यासारखं घालते, म्हणजे शोधावं लागत नाही. ग्राहकाच्या घरात शिरली की प्रत्येक वस्तूपुढे तिचा एकच प्रश्न असतो. "ठेवायचं की टाकायचं?" यावरून गड्यांनी तिला टाकूताई नाव ठेवलं. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले. ती ओ देते.

घर सोडताना माणसं कुठे अडतील याचा नेम नसतो. कपाटं, पलंग शांतपणे जाऊ देतात आणि मोडक्या चाळणीपाशी रडायला लागतात. एकदा एक निवृत्त शिक्षक तीन पायांच्या खुर्चीला धरून बसले. मावशी शेजारी उभी राहिली. तिने पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. म्हणाली, "तुमचं सावकाश होऊ द्या. खुर्ची आम्ही शेवटी चढवू." त्या शिक्षकांनी कंपनीकडे तक्रार केली, की बाई दगड आहे. दोन वर्षांनी पुन्हा घर बदलायची वेळ आली तेव्हा त्यांनीच फोन करून सांगितलं, की तीच बाई पाठवा, मागच्या वेळी एक कपसुद्धा फुटला नाही.

मावशीचं स्वतःचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. भिंतींवर काही नाही. वाढदिवसाचं शुभेच्छापत्र दिलं तर ती ते उलटसुलट वाचते, "छान आहे" म्हणते आणि देणारा जिन्यात असतानाच ते केरात टाकते. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "राहून गेलं." त्यात खंत नसते. दूध आणायचं राहून जातं तसं.

आई याला कोरडेपणा म्हणायची. "एका पोटातून, एका वेळी आलो," ती मला सांगायची, "पण ओलावा सगळा माझ्या वाट्याला आला. हिच्यापर्यंत पोचलाच नाही." मावशी समोर असली तर म्हणायची, "बरंच झालं. दोघींनी रडत बसायचं ठरवलं असतं तर स्वयंपाक कुणी केला असता?"

मग विद्यापीठातली बाई आली. म्हणजे आईच तिच्याकडे गेली. वाचनालयाच्या दारावर कागद चिकटवला होता, की जुळी भावंडं हवी आहेत, गतकाळाची ओढ माणसाला कुठून लागते याचा अभ्यास चालू आहे. आईने दोघींची नावं देऊन टाकली आणि नंतर मावशीला सांगितलं. मावशीला त्या दिवशी सुट्टी होती आणि तिथे चहा मिळणार होता, म्हणून ती गेली. मी सोबत गेले, कारण आईला एकटीला लिफ्टची भीती वाटते आणि मावशी लिफ्टने जात नाही, जिनेच चढते.

संशोधक बाईंना सर्दी झाली होती. त्यांनी आधी दोघींना एकेका नळीत थुंकायला लावलं. मग प्रश्न सुरू झाले. जुन्या दिवसांची ओढ तुम्हाला किती वाटते, एक ते सातमध्ये सांगा. आईने विचारलं, आठ चालतील का. मावशीने एक सांगितला.

"अजिबात नाही?" बाईंनी विचारलं.

"शून्य नव्हता त्यात," मावशी म्हणाली.

नंतर स्वभावाचे प्रश्न होते. तुम्ही फार काळजी करता का, मन पटकन दुखावतं का, नव्या माणसांत मिसळता का. आई म्हणाली, बाहेर पडल्यावर गॅस बंद केला की नाही या विचाराने तिला कित्येकदा अर्ध्या वाटेतून परतावं लागलंय, आत्ताही तोच विचार चालू आहे. मावशी म्हणाली, "मी निघताना बघते." मग त्यांच्या लहानपणी रेडिओवर लागणारं एक गाणं ऐकवलं. शब्द सुरू व्हायच्या आतच आईने रुमाल काढला. मावशीने आवाज कमी करायला सांगितलं.

चहा आल्यावर बाईंनी समजावून सांगितलं. या ओढीला शास्त्रात स्मरणरंजन म्हणतात. मावशी आईकडे बघून म्हणाली, "हे रंजन?" बाई पुढे म्हणाल्या, की यातला काही वाटा रक्तातून येत असावा, काही स्वभावातून. ज्यांचं मन सारखं धास्तावलेलं असतं त्यांना ही ओढ जास्त लागते असं दिसतं. पण बराचसा वाटा ज्याचं त्याने भोगलेलं असतं त्यातून येतो. आणि मग त्यांनी विचारलं, "लहानपणी तुम्ही कधी वेगळ्या राहिलात का?"

आई या प्रश्नाची जन्मभर वाट पाहत होती.

दोघी नऊ वर्षांच्या असताना आजीच्या पाठीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी तिला उताणं निजवून ठेवलं आणि हलायचं नाही असं सांगितलं. आजोबांना बसची पाळी चुकवता येत नव्हती. दोन मुली झेपणार नाहीत म्हणून आजोबांची बहीण, म्हणजे यांची आत्या, एकीला आपल्या गावी घेऊन गेली. नेली धाकटीला. का, तर ती दाराशी उभी होती. आत्याकडे तिला स्वतंत्र खोली मिळाली, सायकल मिळाली, आत्याने तिला फुलासारखं जपलं, आणि ती दोन वर्षं झुरली. रोज शाळेतून परतताना ती मनातल्या मनात घर मांडायची. दारातून आत, डावीकडे चपला, मग पाण्याचं भांडं, मग आईचा पलंग. एकही वस्तू विसरता कामा नये, नाहीतर घर नाहीसं होईल, अशी तिची समजूत होती. पुढे आजी बरी झाली, धाकटी परत आली आणि आजीने आणखी वीस वर्षं सगळ्यांना दमात ठेवलं. पण आईची ती सवय गेली नाही.

हे सांगताना आई दोनदा थांबली. बाईंची सर्दीही थांबल्यासारखी वाटली.

"आणि तुम्ही?" त्यांनी मावशीला विचारलं. "बहीण गेल्यावर तुम्हाला काय वाटलं?"

"मला आख्खा पलंग मिळाला," मावशी म्हणाली.

आईने विचारलं, म्हणजे आत्यामुळे हे सगळं झालं का. बाई म्हणाल्या, पुष्कळ जोड्या पाहिल्यावर काहीतरी बोलता येतं, एका माणसाबद्दल असं सांगता येत नाही. परत येताना आई हिरमुसली होती. मावशी म्हणाली, "माहीत नाही ते माहीत नाही म्हणाली. बरी आहे बाई."

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी आजोबांची इमारत पाडायचं ठरलं. आजोबा आमच्याकडे राहायला येणार होते. इमारत जुनी होती, तिच्याबद्दल कुणाला वाईट वाटावं असं तिच्यात काही नव्हतं. जिन्यात ओल होती, मागच्या खोलीला खिडकी नव्हती. मुली सात वर्षांच्या असताना आजोबा तिथे आले आणि तेव्हापासून रोज आधीच्या घराची आठवण काढत राहिले. आधीच्या घरात वारा होता. आधीच्या घरात शेजार होता. या घरात त्यांच्या आयुष्यातला बहुतेक काळ गेला, पण त्यांनी त्याला तात्पुरतं मानणं सोडलं नाही.

सामान हलवायला अर्थातच मावशी आली. कंपनीचा निळा कोट घालून, गडी मागे उभे करून तिने घंटा वाजवली. आजोबांनी दार उघडलं.

"सामान हलवायला आलोय," ती म्हणाली.

"ये की."

"आधी सगळ्या खोल्या दाखवा."

"तुला माहीत आहेत."

"पद्धत असते, बाबा."

आजोबांनी तिला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर दाखवलं. ती मान डोलावत मागून फिरली. मग काम सुरू झालं. आजोबा खिडकीशी बसले आणि विचारलं की एकच उत्तर देत राहिले, "टाका. हे घर मला कधी आवडलंच नाही." अडचण आईची होती. आई प्रत्येक वस्तूला ठेवायचं म्हणत होती. तुटलेल्या कडीची बादली ठेवायची. उसवलेली उशी ठेवायची. आजोबांच्या टोपीचा नुसता पुठ्ठा ठेवायचा.

"धाकटे," मावशी शेवटी म्हणाली, "तुझ्या घरात एक तर बाबा मावतील नाहीतर ही बादली. ठरव आणि सांग."

"तुला काहीच कसं वाटत नाही गं ताई?"

"वाटतंय. ट्रक दुपारपर्यंतच आहे असं वाटतंय."

आईने बादली उचलली आणि जिन्यात जाऊन तिच्यावर बसली. ती तिथून उठेना, म्हणून गड्यांना कपाट तिच्या डोक्यावरून न्यावं लागलं.

दुपारी सगळं चढवून झालं. आजोबा ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले आणि त्याला रस्ता सांगायला लागले. अशा वेळी मावशी एकटी वर जाऊन रिकाम्या खोल्यांतून एक फेरी मारते, मागे काही राहिलं नाही ना ते बघते. त्याला फार वेळ लागत नाही. त्या दिवशी ती खाली येईना. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आणखी थोडा वेळ गेल्यावर आई आणि मी वर गेलो.

मावशी मागच्या खोलीत जमिनीवर पाय पसरून बसली होती. फरशीवर आजीच्या पलंगाच्या पायांचे चार खळगे होते आणि ती बरोबर त्यांच्या मधे होती. हातात रिळ होतं. चेहरा नेहमीसारखाच होता.

"काय झालं?" आईने विचारलं. "कढ आला?"

"नाही. बसलेय."

आई तिच्या शेजारी बसली. मी दारातच थांबले. तिने रुमालसुद्धा काढला नाही. आईच्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

"तू आत्याकडे गेलीस ना," मावशी फरशीकडे बघत म्हणाली, "तेव्हा आई सारखी तुझं नाव घ्यायची. धाकटी कुठाय, धाकटी जेवली का. औषधाने गुंगीत असायची. मी सांगायचे, गावाला गेलीय. तिला तेवढ्यापुरतं पटायचं. मग पुन्हा तेच."

"मला कुणी सांगितलं नाही."

"एक दिवस मी बाहेर गेले आणि दोन वेण्यांची एक वेणी केली."

आमची आजी दोघींना ओळखता यावं म्हणून थोरलीच्या दोन वेण्या घालायची आणि धाकटीची एक. हे मला ठाऊक होतं. फोटोंत तसंच आहे.

"मी आत आले, म्हटलं, आई, मी आले. ती म्हणाली, किती सैल वेणी घातलीस, ये इकडे. आणि निजल्या निजल्या तिने माझे केस सोडले आणि वेणी घातली. तिला मान वळवता येत नव्हती. नुसत्या हातांनी घातली. फार वेळ लागला."

मावशीने रिळ मनगटात चढवलं.

"मग रोज दुपारी शाळेतून आल्यावर मी तू व्हायचे. ती तुला गोष्टी सांगायची, तुझे लाड करायची. त्या दोन वर्षांत जे लाड झाले ते बहुतेक तुझेच झाले. मग मी बाहेर जायचे, दोन वेण्या घालायचे आणि येऊन तिच्या पलंगाखालचं भांडं रिकामं करायचे. माझ्या वेण्या मीच घालायचे. थोरलीला येत होत्या ना."

"तिला कळलं नसेल?" आईचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"कळलं असणार. एकदा म्हणाली, धाकटे, आता तू जा आणि थोरलीला पाठव. मी गेले, वेण्या घातल्या, आले."

"मग?"

"म्हणाली, ती धाकटी फार बोलते. तू जरा माझ्याजवळ गप्प बस."

मावशीने खळग्यातली माती बोटाने बाहेर काढली.

"मग बसले," ती म्हणाली.

"ताई, इतकी वर्षं बोलली नाहीस."

"तू तुझं सांगत होतीस. मधे कुठे बोलू."

"म्हणजे तुला आईची आठवण येते."

"येते ना. पण आठवण आली की ती हाक मारते, आणि ती हाक मला नसते. म्हणून मी त्यात फार पडत नाही."

तेवढ्यात ड्रायव्हर वर आला. दारात माझ्यामागे उभा राहून त्याने विचारलं, "टाकूताई, काही राहिलंय का?"

"नाही," मावशी म्हणाली. "चला." ती उठली. गुडघा कडकडला. खाली उतरताना तिने जिन्यातली बादली उचलली आणि कुणाशी काही न बोलता ट्रकमध्ये चढवली.

आजोबा आमच्याकडे रुळले. तिसऱ्याच दिवशी जेवताना त्यांचा हात थांबला आणि ते म्हणाले, "त्या घरात पाणी काय सुरेख यायचं." सोडल्यावर त्या घराला एकदाचा मान मिळाला. आधीच्या घराचं नाव त्यांनी पुन्हा फारसं घेतलं नाही.

आईचं मात्र बिनसलं. आधी ती रडली, ते अपेक्षितच होतं. मग तिला राग आला. "माझ्या वाट्याचे लाड तिने घेतले," ती भांडी घासताना म्हणायची, "आणि मी तिकडे एकटी सायकल चालवत होते." दुसऱ्या दिवशी तिला वाटायचं, की नऊ वर्षांच्या पोरीने दोन-दोन मुलींचं काम केलं आणि आपण तिला कोरडी म्हणत आलो. हे दोन्ही तिला आलटून पालटून वाटायचं. मावशी रविवारी आली की आई तिच्या पानात जास्त वाढायची आणि तिच्याशी बोलायची नाही. मावशी वाढलेलं सगळं खायची.

"तुला खरंच त्या दिवशी कढ आला होता ना?" मी तिला एकदा एकटीला गाठून विचारलं.

"गुडघा धरला होता," ती म्हणाली.

वर्षभराने विद्यापीठातल्या बाईंनी दोघींना पुन्हा बोलावलं आणि तेच प्रश्न विचारले. आईने सात सांगितले. मावशीने या वेळी दोन सांगितले. बाईंनी तिच्याकडे मान वर करून पाहिलं आणि विचारलं, मधल्या काळात काही घडलं का. मावशी म्हणाली, बाबांचं घर हलवलं, सामान सगळं नीट पोचलं. एवढ्या फरकाला तसा अर्थ नसतो, असं बाईंनीच मला नंतर बाहेर सांगितलं. माणूस त्या दिवशी काय जेवलाय यावरही तो असतो म्हणाल्या.

पुढे केव्हातरी आईने तो प्रसंग लोकांना सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा तिने तो होता तसा सांगितला. मग त्यात थोडं ऊन आलं. मग ताईने सांगितलं, ताईने केलं, हे हळूहळू गळत गेलं, आणि एक दिवस नव्या शेजारीणबाई चहाला आल्या असताना आई म्हणाली, "आई आजारी होती ना, तेव्हा निजल्या निजल्या माझी वेणी घालायची. तिला मान वळवता यायची नाही. दुपारी मी शाळेतून आले की हाक मारायची, धाकटे, ये इकडे." आणि तिने डोळे पुसले. ते अश्रू खरे होते, यात मला शंका नाही.

मावशी समोरच बसली होती, कामावरून परस्पर आली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती चहात बिस्कीट बुडवत होती.

शेजारीणबाईंचेही डोळे भरून आले. त्यांनी मावशीकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही कुठे होता तेव्हा?"

आईने हातातला कप खाली ठेवला. आपण काय बोलून गेलो ते तिच्या आत्ता लक्षात आलं होतं.

"मी?" मावशी म्हणाली. "मी आत्याकडे होते. मला सायकल होती."